काकांच्या डब्यातल्या कॅसिनो चिप: किंमत विचारण्याआधी काय पाहावं

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. काका मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते. ते गेल्यावर त्यांच्या कपाटात बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात कॅसिनोच्या 19 चिप सापडल्या. चार लास व्हेगसच्या ड्यून्सच्या, तीन सँड्सच्या, एक स्टारडस्टची, सहा काठमांडूच्या, चार नुसत्या रंगीत आणि आकडा नसलेल्या, आणि एक मळकट पिवळी, जिच्यावर फक्त दोन इंग्रजी अक्षरं सोनेरी ठशात आहेत. यांची किंमत किती, धुऊन पुसून ठेवायच्या का, आणि विकायच्या झाल्या तर कुठे?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर झाला तर बाकीच्या दोघांना अर्थ उरणार नाही. काहीही धुऊ नका. नाण्यांवर आपल्याकडे चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, ब्रासो असं काय काय चोळतात. नाण्याचंही त्याने नुकसानच होतं, पण चिपचं फार लवकर होतं. जुनी चिप धातूची नसते. ती मातीसारख्या मिश्रणाची, दाबून घडवलेली चकती असते, आणि तिच्यावरची सोनेरी अक्षरं म्हणजे तापलेल्या ठशाने दाबून बसवलेला पातळ वर्ख. मी 1996 साली नोकरीसाठी अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात रिनोला गेलो. तिथे पहिल्याच वर्षी एका जुन्या सामानाच्या दुकानात मला हॅरॉल्ड्स क्लबची एक जुनी चिप मिळाली. 1935 साली सुरू झालेला आणि मी पोचायच्या आदल्या वर्षी बंद पडलेला हा क्लब म्हणजे रिनोची ओळखच. ती चिप मी कोमट पाण्यात साबण लावून जुन्या ब्रशाने घासली. मळ गेला आणि निम्मा वर्खही गेला. ती चिप मी अजून जपून ठेवली आहे. कुणी नवा संग्राहक भेटला की आधी तीच हातात देतो.

आता चिप म्हणजे नक्की काय, ते पाहू. नाणं आणि चिप यांत एक मूळ फरक आहे आणि या छंदाचं सगळं गणित त्यावरच उभं आहे. नाणं बाजारात फिरत राहण्यासाठी पाडलेलं असतं. चिप मात्र परत यायलाच जन्माला येते. तुम्ही कॅसिनोच्या खिडकीवर रोख पैसे देता, चिप घेता, खेळता, उरलेल्या चिप खिडकीवर देता आणि पैसे घेऊन घरी जाता. नेवाडाच्या जुगार-नियमांत हे अगदी स्पष्ट लिहिलेलं आहे: चिप ही कॅसिनो तुमचं किती देणं लागतो त्याची खूण आहे, आणि ती वस्तू म्हणून मालकीची आहे फक्त कॅसिनोच्या. म्हणजे तुमच्या काकांच्या डब्यातली प्रत्येक चिप ही एक न फेडलेली उधारी आहे. कॅसिनोने तिचे पैसे काकांकडून घेतले होते आणि परत करायचा प्रसंग आलाच नाही.

म्हणूनच चिपची दुर्मिळता किती घडवल्या यावर क्वचितच ठरते. किती परत गेल्या नाहीत, यावर ती ठरते. कॅसिनो बंद होतो किंवा जुनी मालिका, म्हणजे एका नक्षीच्या चिपचा संच, बदलतो, तेव्हा नेवाडात त्याला वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, ठळक सूचना लावावी लागते आणि चिप वटवून घ्यायला लोकांना किमान 120 दिवस द्यावे लागतात. मग जमा झालेल्या चिपची विल्हेवाट. त्या फोडतात, भुगा करतात. पूर्वी काही ठिकाणी त्या नव्या इमारतीच्या पायात काँक्रीट ओतून पुरल्या गेल्या. मोठ्या आकड्याच्या चिप जवळजवळ सगळ्या परत जातात, कारण 100 डॉलरची चिप आठवण म्हणून कोण ठेवणार? एक डॉलरची माणूस सहज खिशात टाकतो. त्यामुळे एकाच कॅसिनोची, एकाच वर्षाची एक डॉलरची चिप स्वस्तात मिळते आणि 100 डॉलरची डोळ्यांनाही दिसत नाही, असं वारंवार होतं. काकांच्या डब्यात आकडे लहानच असतील असा माझा अंदाज आहे. माणसं ठेवतात ते लहानच.

हे मी समोर घडताना पाहिलं आहे. स्टारडस्ट 1 नोव्हेंबर 2006 ला बंद झाला. त्याआधी काही दिवस मी रिनोहून मुद्दाम लास व्हेगसला गेलो होतो. रात्री टेबलावरून उठणारी माणसं पाच आणि 25 च्या चिप खिडकीवर देत होती आणि एक डॉलरच्या दोन-तीन शर्टाच्या खिशात घालत होती. कुणीही त्यांना तसं सांगितलेलं नव्हतं. 13 मार्च 2007 ला पहाटे अडीचच्या सुमारास स्टारडस्टचा मनोरा सुरुंगाने पाडला तेव्हाही मी तिथे धुळीत उभा होतो. आज त्या जागेवर 2021 साली उघडलेलं रिसॉर्ट्स वर्ल्ड आहे. तुमची स्टारडस्टची चिप एक डॉलरची आणि शेवटच्या मालिकेतली असेल, तर तशा हजारो चिप घराघरांत पडून आहेत. मालिका जुनी असेल तर गोष्ट वेगळी. 1958 साली उघडलेला हा कॅसिनो जवळजवळ पन्नास वर्षं चालला आणि त्यात मालक बदलले, नक्षी बदलली, चिप बनवणारे कारखाने बदलले.

आता थोडा मागे जातो, कारण साच्यांची गोष्ट कळल्याशिवाय वय ओळखता येत नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात पत्त्यांच्या टेबलावर सोन्याची भुकटी, नाणी, हाडाच्या आणि हस्तिदंताच्या चकत्या असं काहीही चालायचं. चीनमधून शिंपल्याच्या कोरीव खुणा इंग्रजांच्या पत्त्यांच्या टेबलांसाठी जायच्या, त्या आजही सुंदर दिसतात. हस्तिदंती चकत्यांवर हाताने फुलं-पानं कोरलेली असत. मग 1880 च्या दशकाच्या आसपास मातीच्या मिश्रणाच्या, लाखेसारख्या चिकट पदार्थाने बांधलेल्या चकत्या आल्या आणि हस्तिदंत मागे पडला. कारण साधं होतं. कोऱ्या चकत्यांची नक्कल कुणीही करू शकत होता, आणि साच्यात दाबलेल्या नक्षीची नक्कल करणं अवघड होतं. चिपच्या इतिहासात नक्षी, ठिपके, वर्ख, मधला छापील बिल्ला, अतिनील प्रकाशात चमकणारी शाई आणि आत बसवलेली इलेक्ट्रॉनिक खूण हे सगळं क्रमाने याच एका कारणासाठी आलं आहे. कुणी बाहेर बनवलेली चिप खिडकीवर आणून पैसे मागितले तर कॅसिनो बुडतो.

आता तुमची ड्यून्सची चिप हातात घ्या आणि उजेडात तिरपी धरा. कडेलगतच्या पट्ट्यात उठावाची नक्षी दिसेल. हाच साचा, इंग्रजीत मोल्ड. प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा असतो. टोपी आणि काठी अशी जोडी पुन्हा पुन्हा गोल फिरलेली दिसली तर ती पॉल-सन कंपनीची. पॉल एंडी यांनी 1963 साली काढलेल्या या कंपनीचा हा साचा संग्राहकांत ‘हॅट अँड केन’ म्हणूनच ओळखला जातो. किल्ल्या दिसल्या तर लॉस एंजेलिसच्या टी. आर. किंगची. मधोमध पितळेसारखा धातूचा तुकडा बसवलेला असेल तर बड जोन्सची असण्याचा संभव मोठा. फ्रान्समध्ये बोनचा बुर्गोन्य-ए-ग्रासे हा जुना कारखाना. पॉल-सन, बड जोन्स आणि हा फ्रेंच कारखाना 2002 साली एकत्र येऊन गेमिंग पार्टनर्स इंटरनॅशनल झाले, आणि 2019 मध्ये ती कंपनी जपानी मालकाकडे गेली. त्यामुळे कुणी तुम्हाला ‘1955 ची चिप’ म्हणून टोपी-काठीचा साचा दाखवला, तर न बोलता परत द्या. त्या साली ती कंपनी अस्तित्वातच नव्हती. बनावट माल ओळखायची ही सगळ्यात स्वस्त युक्ती आहे. मला स्वतःला ती फार उशिरा कळली. एका विक्रेत्याकडून मी पन्नासच्या दशकातली म्हणून घेतलेली चिप याच एका खुणेवरून खोटी निघाली.

रंगीत ठिपक्यांकडेही बघा. चिपच्या कडेला जे वेगळ्या रंगाचे तुकडे दिसतात ते रंगवलेले नसतात. चकतीतून तेवढा भाग कापून काढायचा, तिथे दुसऱ्या रंगाचा तुकडा बसवायचा आणि मग उष्णता व दाबाखाली सगळं एकजीव करायचं, असं ते काम आहे. खऱ्या चिपचे ठिपके कडेवरही अखंड आणि आरपार दिसतात. छापलेल्या नकलेत रंग वरच्यावर असतो आणि कडेला पुसट होतो. हे भिंगाशिवायही कळतं.

आता प्रत्येक नावाबद्दल. नेवाडात जुगार 19 मार्च 1931 ला कायदेशीर झाला. मंदीचे दिवस होते, राज्याला पैसा हवा होता. लास व्हेगसमधला पहिला परवाना फ्रीमाँट स्ट्रीटवरच्या नॉर्दर्न क्लबसाठी मेमी स्टॉकर या बाईंच्या नावावर निघाला. आज ज्याला स्ट्रिप म्हणतात त्या रस्त्यावरचं पहिलं हॉटेल-कॅसिनो, एल रांचो व्हेगस, 1941 साली उघडलं आणि 1960 साली जळून गेलं. जळालेल्या कॅसिनोच्या चिप मागे फार उरत नाहीत, हे वेगळं सांगायला नको. मग 1946 च्या डिसेंबरात गुंड बग्सी सीगलचं फ्लमिंगो, 1950 मध्ये डेझर्ट इन, 1952 च्या डिसेंबरात सँड्स, 1955 च्या मे महिन्यात ड्यून्स.

सँड्स 30 जून 1996 ला बंद झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पाडला. त्या जागेवर पुढे व्हेनेशियन उभं राहिलं. 1967 मध्ये अब्जाधीश हॉवर्ड ह्यूजने डेझर्ट इन आणि सँड्स दोन्ही विकत घेतले. मालकी बदलली की अनेकदा चिपही बदलतात. म्हणून सँड्सच्या तुमच्या तिन्ही चिप शेजारी ठेवून बघा. अक्षरांची वळणं आणि ठिपक्यांची संख्या वेगळी असेल तर त्या वेगळ्या मालिकांतल्या आहेत, आणि मग त्या एकत्र जपल्या तर त्यांना अधिक अर्थ आहे.

एक डॉलरच्या चिपबाबत एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. 1964 पर्यंत नेवाडाच्या टेबलांवर एक डॉलरसाठी चिप लागत नसे, खरे चांदीचे डॉलर चालत. खणखणीत, जड नाणी टेबलावर पडायची. 1964 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने चांदीचे डॉलर देणं थांबवलं आणि कॅसिनोंची पंचाईत झाली. 1965 पासून फ्रँकलिन मिंट या खासगी टांकसाळीने त्यांच्यासाठी धातूची टोकन पाडायला सुरुवात केली, आणि एक डॉलरच्या चिपही टेबलांवर सर्रास आल्या. म्हणून पन्नासच्या दशकातली अस्सल एक डॉलरची चिप क्वचितच दिसते, आणि सत्तरच्या दशकातली ढिगाने.

ड्यून्सची गोष्ट मला सगळ्यात आवडते. 1993 च्या जानेवारीत बंद, 27 ऑक्टोबर 1993 ला सुरुंगाने जमीनदोस्त, आणि त्याच जागेवर 1998 मध्ये बेलाजिओ. डिसेंबर 2010 मध्ये याच बेलाजिओत हेल्मेट घातलेला एक माणूस बंदूक घेऊन शिरला, 15 लाख डॉलरच्या चिप उचलल्या आणि मोटारसायकलवरून पसार झाला. कॅसिनोने काय केलं? 25,000 डॉलरच्या चिपची ती मालिकाच बंद केल्याचं जाहीर केलं आणि वटवायला 22 एप्रिल 2011 ही शेवटची तारीख दिली. त्या चिप घेऊन खिडकीवर आलेल्या माणसाला आता त्या कुठून आल्या हे सांगावं लागणार होतं, आणि तारीख उलटल्यावर त्यांची किंमत शून्य. चोर पुढे चिप विकायच्या प्रयत्नात वेषांतर केलेल्या पोलिसांच्याच हाती सापडला. चिप म्हणजे उधारीची खूण, हे याहून चांगलं कुठेच कळत नाही. उधारी मान्य करायची की नाही, हे शेवटी देणेकऱ्याच्या हातात असतं.

नावाजलेल्या चिपमध्ये मला जिच्याविषयी सर्वांत जास्त आपुलकी आहे, ती तुमच्या डब्यात नाही, पण तिच्याबद्दल न सांगता पुढे जाववत नाही. पन्नासच्या दशकात लास व्हेगसच्या स्ट्रिपवर कृष्णवर्णीय गायक रात्री रंगमंचावर गात आणि कार्यक्रम संपला की त्यांना मागच्या दाराने बाहेर पडावं लागे. राहायला खोली नाही, खेळायला टेबल नाही. 24 मे 1955 ला शहराच्या पश्चिम भागात, बोनान्झा रोडवर, मूलां रूज उघडलं. लास व्हेगसमधलं हे पहिलं कॅसिनो-हॉटेल, जिथे गोरे आणि काळे एका टेबलावर बसत. मुष्टियोद्धा जो लुई दारात स्वागताला असे. स्ट्रिपवरचे कलाकार आपला कार्यक्रम संपवून रात्री उशिरा तिथे जात. सुमारे सहा महिन्यांतच ते बंद पडलं. पुढे 26 मार्च 1960 ला याच बंद इमारतीत शहरातले नेते, कॅसिनोमालक आणि कृष्णवर्णीय समाजाचे प्रतिनिधी बसले आणि स्ट्रिपवरचा वर्णभेद संपवण्याचं ठरलं. या सहा महिन्यांच्या चिप फार थोड्या उरल्या आहेत आणि संग्राहक त्यांच्यासाठी मोठे पैसे मोजतात. मी ती एकदाच हातात घेतली आहे, एका प्रदर्शनात, मालकाच्या परवानगीने. विकत घ्यायची माझी ऐपत नव्हती. त्या टेबलावर त्या काळी कोण कोण शेजारी बसलं असेल, हे मनात आल्यावर मला ती पटकन परत देववेना.

आता ती मळकट पिवळी, दोन अक्षरांची. तुमच्या डब्यातली सगळ्यात रंजक चिप हीच असू शकते. 1931 नंतर नेवाडात जुगार उघड होता, पण बाकीच्या अमेरिकेत तो चोरून चालायचा, आणि तो चालवणारे क्लब थोडेथोडके नव्हते. केंटकीतलं न्यूपोर्ट, अर्कान्सामधलं हॉट स्प्रिंग्ज, टेक्सासमधलं गॅल्व्हेस्टन ही गावं त्यावर जगत होती. या क्लबांना चिप लागत, आणि कारखाने त्या टपालाने पुरवत. पण चिपवर नाव घालणार कसं? पोलिसांनी धाड घातली तर तो पुरावाच. म्हणून नुसती दोन-तीन अक्षरं, एखादा घोडा, एखादं पान, पत्त्यांचा बदाम. 1950-51 मध्ये सिनेटर एस्टेस केफॉव्हरच्या, संघटित गुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या समितीने 14 शहरांत सुनावण्या घेतल्या आणि अनेक क्लबांचे दिवस भरले. गॅल्व्हेस्टनचे 1957 मध्ये, न्यूपोर्टचे साठच्या दशकाच्या सुरुवातीला आणि हॉट स्प्रिंग्जचे 1967 मध्ये.

मग दोन अक्षरांवरून क्लब कसा ओळखायचा? इथे आमच्यातल्या काही चिकाटीच्या लोकांनी अपार काम केलं आहे. जुन्या कारखान्यांकडची ऑर्डरची कार्डं काही ठिकाणी टिकून राहिली. कोणत्या तारखेला, कोणत्या गावच्या कुणाला, कोणता साचा, कोणता रंग, काय अक्षरं, किती चिप पाठवल्या, हे त्यांत लिहिलेलं आहे. त्या कार्डांवरून अनेक अनामिक चिपना गाव आणि पत्ता मिळाला. तुमच्या चिपचा साचा आणि अक्षरं त्या नोंदींशी जुळली, तर ती कुठल्या गावच्या कुठल्या माडीवर वापरली जायची, हेही कळू शकेल. पण एक सावधगिरी. घरी पोकर खेळणारे हौशी लोकही आपल्या नावाची आद्याक्षरं घालून चिप बनवून घेत. ती चिप कुणा गृहस्थाच्या बैठकीतली निघाली तर निराश होऊ नका, ही शक्यता धरूनच शोधायला बसा.

आकडा नसलेल्या चार रंगीत चिप रूलेच्या, म्हणजे फिरत्या चक्रावरच्या खेळाच्या आहेत. रूलेच्या टेबलावर प्रत्येक खेळाडूला वेगळा रंग देतात, म्हणजे कुणाचा डाव कुठे लागला ते कळतं. किंमत त्या टेबलापुरती, तिथल्या तिथे ठरलेली. टेबलावरून उठताना त्या तिथेच बदलून घ्यायच्या असतात. त्या बाहेर आल्या म्हणजे काका त्या घाईत खिशात घालून आले असणार, किंवा आवडल्या म्हणून. मूल्य कमी, पण त्यांवर कॅसिनोचं नाव असेल तर टाकू नका.

काठमांडूच्या सहांबद्दल. कॅसिनो नेपाळ 1968 साली सोल्टी हॉटेलात सुरू झाला. नेपाळच्या नागरिकांना तिथे खेळायला मनाई होती आणि गिऱ्हाईक बरंचसं भारतातून येई. आपल्या पिढीतल्या अनेक घरांत पाहिलेली पहिली कॅसिनो चिप काठमांडूचीच, कारण लास व्हेगस कुणाला परवडत होतं? बाजारात यांना मोठी किंमत नाही. तरीही आपल्या भागातल्या जुगाराच्या इतिहासाची ही साधनं आहेत आणि त्यांच्याकडे अजून कुणी नीट लक्ष दिलेलं नाही, म्हणून मी आवर्जून म्हणतो की या सहा वेगळ्या ठेवा, मालिकांप्रमाणे लावा, फोटो काढा.

गोव्याबद्दलही बरेच लोक विचारतात. तिथला 1976 चा जुगारबंदीचा कायदा 1992 मध्ये बदलून पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक यंत्रांना परवानगी मिळाली आणि 1996 मध्ये जहाजांवर टेबलाचे खेळ खेळायला. मांडवीत उभ्या असलेल्या बोटी हा त्या दुसऱ्या बदलाचा परिणाम. बोटीवरचे कॅसिनो हात बदलतात, नावं बदलतात, आणि जुन्या चिप कुठे जातात कुणी विचारत नाही. आज गोव्यात राहणाऱ्या एखाद्या तरुणाने बंद झालेल्या प्रत्येक बोटीची लहान आकड्याची एक-एक चिप पंचवीस वर्षांसाठी बाजूला ठेवली, तर तो आपल्याकडचा पहिला खरा संग्रह होईल. महाराष्ट्रात मात्र हुडकायचं काहीच नाही. आपल्याकडे 1976 सालीच कॅसिनो नियंत्रण व कर कायदा झाला, पण तो कधी लागूच झाला नाही, आणि 2023 मध्ये रद्द झाला. तेव्हा ‘मुंबईच्या जुन्या परवानाधारक कॅसिनोची चिप’ म्हणून कुणी काही विकायला आणलं तर ती खोटीच.

किंमत. माणसं मला सगळ्यात आधी हेच विचारतात आणि मी हे सगळ्यात शेवटी सांगतो. कारण यात एखाद्या विक्रमाची बातमी फिरते आणि मग प्रत्येकाला आपल्या हातात तीच आहे असं वाटतं. फ्रीमाँट स्ट्रीटवरच्या गोल्डन गूस या छोट्या कॅसिनोची पाच डॉलरची चिप 2014 मध्ये 75,000 डॉलरला गेली. खरं आहे. पण ती तेवढ्याला गेली कारण तशी दुसरी जवळजवळ सापडत नाही. तुमच्यासारख्या डब्यातल्या ओळखीच्या नावांच्या लहान आकड्याच्या चिप बहुतेक वेळा काही डॉलरपासून काही दहा डॉलरपर्यंत जातात. पूर्ण डबा मिळून काकांच्या एका महिन्याच्या पगाराइतकाही होणार नाही. वेगळं काही निघालंच तर ड्यून्सच्या एखाद्या जुन्या मालिकेतून किंवा त्या पिवळ्या चिपमधून निघेल. अवस्थेवर फार अवलंबून असतं: कडा तीक्ष्ण आहेत का, मधला बिल्ला फाटला आहे का, वर्ख शाबूत आहे का. चिपला भोक किंवा खाच असेल तर ती रद्द केलेली आहे. अशीही चिप विकली जाते, पण कमी दराला.

चालू असलेल्या कॅसिनोची चिप मालिका बंद झालेली नसेल तर अजूनही छापील आकड्याला वटते. तुमच्यापैकी एकही त्यात बसत नाही. ड्यून्स, सँड्स, स्टारडस्ट यांची देणी केव्हाच काळाआड गेली.

ठेवायचं कसं. साध्या प्लॅस्टिकच्या मऊ पिशव्या वापरू नका. पीव्हीसीमधून निघणारा तेलकट अंश काही वर्षांत चिपवर चिकट थर धरतो. नाण्यांसाठी मिळतात तशा कडक, गोल, पीव्हीसी नसलेल्या डब्या घ्या. नेहमीची चिप 39 मिलिमीटर व्यासाची असते, तेवढ्या मापाच्या मिळतात. मोठ्या किमतीच्या काही चिप 43 मिलिमीटरच्या असतात. कोकणातल्या पावसाळ्यात पत्र्याचा डबा गंजतो आणि गंजाचा डाग चिपला लागतो, म्हणून आधी तो डबा बाजूला करा. फेकू मात्र नका. जुन्या काही चिपमध्ये वजनासाठी शिशाचा अंशही असतो. लहान मुलांच्या हातात देऊ नका आणि हाताळल्यावर हात धुवा. धूळ असेल तर कोरड्या, मऊ रंगाच्या ब्रशाने झटका. काही संग्राहक सुकलेल्या मातीच्या चिपवर खनिज तेलाचा अगदी हलका हात फिरवतात, रंग उठून दिसतो. मी तसं करत नाही. विकताना घेणाऱ्याला ते कळतं आणि मूळ अवस्था एकदा बदलली की परत आणता येत नाही.

विकायचंच असेल तर आधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे सरळ उजेडातले फोटो काढा. अमेरिकेतली कॅसिनो कलेक्टिबल्स असोसिएशन ही या छंदाची संस्था 1988 पासून आहे, तिचं वार्षिक प्रदर्शन लास व्हेगसला भरतं. चिपगाइड या खुल्या चित्रसंग्रहात हजारो चिपचे फोटो मालिकांसकट आहेत. तिथे ड्यून्स आणि सँड्स शोधून तुमच्या चिपशी एकेक ताडून बघा. लिलावाच्या संकेतस्थळावर मागितलेले भाव पाहू नका, खरोखर विक्री झालेले भाव पाहा. दोघांमध्ये फार अंतर असतं.

आणि एक काम चिप हातात घेण्याआधीही करता येईल. काकांचं सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, घरात कुठेतरी असेलच. ते मिळालं की कोणत्या जहाजावर कोणत्या तारखेला चढले आणि कोणत्या बंदरात उतरले याच्या नोंदी वर्षांनुसार उतरवून काढा. लॉस एंजेलिस किंवा लाँग बीचला जहाज लागलं असेल तर तिथून लास व्हेगस काही तासांच्या रस्त्यावर आहे. ड्यून्सच्या चार चिपपैकी दोन एका मालिकेतल्या आणि दोन दुसऱ्या निघाल्या, आणि सीडीसीत दोन वेगळ्या वर्षांच्या फेऱ्या सापडल्या, तर काका तिथे दोनदा गेले होते. न्यू ऑर्लिन्स किंवा गॅल्व्हेस्टनची नोंद निघाली तर त्या पिवळ्या चिपचा साचा मला आधी दाखवा.